यवतमाळची जोडी, लंडनची गोडी

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो की लेकीकडची पहिली वारी, यवतमाळहून निघालेल्या जोडप्याच्या वाट्याला खुद्द लंडन बहुधा दोन-तीन दिवसच येतं. फोटो सगळेच काढतात. परतल्यावर गप्पांमध्ये भाव खायचा असेल, तर हा मसाला सोबत असू द्या.

पावसात आपणच दादा
छत्री घ्या, धसका घेऊ नका. लंडनमध्ये वर्षाला सरासरी 600 मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो. यवतमाळ जिल्ह्यात 900 च्या घरात, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत उरकतो. लंडनचा पाऊस त्याहून कमी माल वर्षभर पुरवून पुरवून वापरतो!

ती पूर्वेला, तो पश्चिमेला
ग्रीनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून जोडीनं फोटो काढायचाच. मग मोबाइलवर रेखांश बघा. उपग्रहांच्या हिशेबातली शून्य रेषा तिथून सुमारे 100 मीटर पूर्वेला, बागेत आहे!
आता घरचं गणित. यवतमाळ 78 अंश रेखांशाच्या किंचित पुढे आणि भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे यवतमाळचा सूर्य घड्याळाच्या सरासरी 17 मिनिटं मागे. लग्नाला उशिरा पोचण्याचं याहून शास्त्रशुद्ध कारण मिळायचं नाही.

78 नंबरची उडी
30 डिसेंबर 1952. डबलडेकर टॉवर ब्रिजवर असतानाच पूल उघडू लागला. चालक अल्बर्ट गंटर यांनी ब्रेकऐवजी वेग वाढवला आणि प्रवाशांसकट बस पलीकडच्या भागावर उतरवली. बक्षीस मिळालं 10 पौंड.

एका पेनीची किंमत
संसदेच्या मनोऱ्यातलं घड्याळ वेळेवर ठेवायला लंबकावर जुन्या पेनी ठेवतात. एक पेनी वाढवली की घड्याळ दिवसाला 0.4 सेकंद पुढे पळतं. चिल्लर अशीही कामाला येते.

त्यांची ट्यूब, आपली शकुंतला
जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये 10 जानेवारी 1863 रोजी सुरू झाली. भुयारात, आणि चक्क वाफेच्या इंजिनावर! धुरानं प्रवाशांचे काय हाल झाले असतील, ते विचारू नका. गंमत म्हणजे आज या 'भुयारी' जाळ्याचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीवरून धावतो.
इकडे यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे आली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. तो पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत जायचा. रुळांमधलं अंतर जेमतेम 762 मिलीमीटर. मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीकडून आलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही हे रूळ खासगी कंपनीचेच राहिले. वाफेचं इंजिन 1994 पर्यंत दारव्हा-मोतीबागच्या वाटेवर धूर काढत होतं. लंडनच्या भुयारी गाडीत बसलात की शेजारच्या गोऱ्याला हे जरूर ऐकवा.

दोन मराठी पत्ते
मेडा व्हेलमध्ये 10, हाउली प्लेस. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये इथे राहत होते. भिंतीवर निळी पाटी आहे. यवतमाळच्या लोकनायक बापूजी अणे यांनी ज्यांना नेता मानलं, त्यांचं हे लंडनचं बिऱ्हाड.
दुसरा पत्ता 10, किंग हेन्रीज रोड. विद्यार्थिदशेत 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ही वास्तू विकत घेतली. जवळचं भुयारी स्टेशन चॉक फार्म.

खिशाला आराम
टॉवर ऑफ लंडनमधला कोहिनूर बघायला तिकीट लागतं. ब्रिटिश म्युझियम मात्र 1759 मध्ये उघडलं तेव्हाही फुकट होतं आणि आजही फुकट! पाय दुखेपर्यंत फिरा.

जाता जाता
हीथ्रो विमानतळाजवळच्या हाउन्स्लोमध्ये दोन मराठी मित्रांनी 2010 मध्ये वडापाव विकायला सुरुवात केली आणि तो गाजला. परतीच्या विमानाआधी तिथे थांबा. फक्त ऑर्डर देताना पौंडाचे रुपये करू नका, नाहीतर घास घशाखाली उतरायचा नाही.