साडेतीन मिलिमीटरची हरळी

आमच्या घरात हरळीचं नाव चांगल्या तोंडानं कुणी घेत नाही. बार्शीकडची काळी जमीन; तिच्यात एकदा हरळी शिरली की उन्हाळाभर कुदळीला सुट्टी नसते. काशा वेचायच्या, बांधावर टाकायच्या, वाळल्या की पेटवायच्या. एक कांडी राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा हजर. गणपतीच्या दहा दिवसांत तेवढा तिला मान, तोही दूर्वा म्हणून.

उद्यानविद्येच्या शेवटच्या वर्षाला प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. मला पुण्याजवळचा एक गोल्फ क्लब मिळाला. नोव्हेंबरच्या पहिल्या सकाळी मुकादमकाकांनी ग्रीनच्या कडेची एक कांडी उपटून माझ्या हातावर ठेवली. "ओळखा, ताई." पानं बारीक, पेरं अगदी जवळजवळ, पण ओळखायला वेळ लागला नाही. हरळीच होती. जिला खणून काढण्यात माझ्या वडिलांचं, आण्णांचं, निम्मं आयुष्य गेलं, ती जगवायला मी इथं आले होते.

ही जात टिफड्वार्फ. आपली हरळी आणि तिची आफ्रिकेतली बहीण यांच्या संकरातून आलेली, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रानं १९६५ साली प्रसारित केलेली. हिला रुजणारं बी धरत नाही, कांड्या लावूनच वाढवायची. गोल्फच्या मैदानात ती असते ग्रीनवर, म्हणजे झेंडा रोवलेल्या भोकाभोवतीच्या गुळगुळीत तुकड्यावर. आमच्याकडे ती साडेतीन मिलिमीटरवर कापत.

साडेतीन मिलिमीटर म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. पालथं पडून गाल टेकवला तेव्हा मला कळलं: एकावर एक दोन नाणी ठेवली तर साधारण तेवढी उंची. एवढं बारीक कापायला यंत्राचं फिरतं पातं आणि खालचं स्थिर पातं एकमेकांना जेमतेम शिवलं पाहिजे. मोअर, म्हणजे हे कापणीचं यंत्र, चालवणारे दादा रोज सकाळी वर्तमानपत्राची एक पट्टी त्या दोन पात्यांमध्ये धरत आणि फिरतं पातं हातानं हळूच फिरवत. कात्रीनं कापल्यासारखी पट्टी तुटली तरच यंत्र ग्रीनवर जायचं. कागद दुमडला किंवा फाटला, तर गवतही फाटणार, दुपारी शेंडे पांढरे पडणार आणि त्या जखमांतून बुरशी शिरणार.

त्याआधी दव उतरवायचं. उजाडायच्या आत दोघांनी लांब पाइपची दोन टोकं धरायची आणि ग्रीनवरून ओढत न्यायचा. पाइप गेला तिथं गवत गडद हिरवं, मागं राहिलं ते चंदेरी. ओलं गवत नीट कापलं जात नाही आणि दव जितका वेळ पानावर थांबेल तितकी बुरशीची सोय. कापायची दिशाही रोज बदलायची. सतत एकाच बाजूनं कापलं की पाती एकीकडे लोळतात आणि चेंडू त्या बाजूला ओढला जातो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते होल बदलण्याच्या कामानं. खेळणाऱ्यांच्या पावलांनी भोकाभोवतीचं गवत दबतं, म्हणून भोकाची जागा हलवत राहावी लागते. नियमानं भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. नळकांड्यासारखं कटर उभं धरायचं, जराही कलू न देता दाबत फिरवायचं आणि वीतभर खोलीची गवतासकट मातीची लाट, म्हणजे गोल गड्डा, वर काढायची. तीच लाट जुन्या भोकात बसवायची, आसपासच्या पातळीला अगदी बरोबर.

तिसऱ्या आठवड्यात हे काम एकटीनं करायला मिळालं आणि मी चुकले. लाट नखाएवढी वर राहिली होती. पायानं दाबली, नजरेला सपाट दिसली, मी पुढं गेले. दुसऱ्या दिवशी मोअरनं त्या चकतीचं हिरवं सगळं खरवडून नेलं. हिरव्यागार ग्रीनवर भाकरीच्या करपल्या डागासारखा तपकिरी गोल दुरून दिसत होता. मला रडू आलं. काका रागावले नाहीत. दुरुस्तीसाठी राखलेल्या वाफ्यावर मला नेलं, तिथून नवी लाट काढायला लावली, ती बसवण्याआधी तळाची चिमूटभर माती खरवडायला सांगितली. मग म्हणाले, "डोळे मिटा. आता तळहात फिरवा." डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते हाताला लागलं. शिवण अजून किंचित वर होती. ती लाट मी तीनदा काढली, तीनदा बसवली.

पाण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होता. टँकरची वाट बघत मोठी झालेली मुलगी मी. गवतावर फवारे उडताना बघून पोटात कालवायचं. इथं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात हे कळल्यावर जरा बरं वाटलं, तरी पूर्ण समाधान झालं नाही, आजही झालेलं नाही. पण काका पाणी उधळत नव्हते, हेही मी पाहिलं. दुपारी ते ग्रीनवरून चालत जात आणि मागं वळून स्वतःच्याच पावलांकडे बघत. तजेलदार गवत लगेच उभं राहतं. तहानलेल्या गवतावर पाऊल उमटून राहतं, रंगही निळसर राखाडी होतो. जिथं पाऊल राहिलं तेवढ्याच जागेला ते हातानं पाणी देत. आण्णा ज्वारीच्या पानाची गुंडाळी बघून पाण्याच्या पाळीचा अंदाज घेतात, तसंच हे.

आणि खुरपणाऱ्या मावश्या. ग्रीनवर तणनाशक जपून वापरावं लागतं, म्हणून सहा-सात जणी ओळीनं बसून लव्हाळ्याचा एकेक कोंब गाठीसकट काढायच्या. खेळायला येणाऱ्यांना त्या बहुधा दिसतच नसाव्यात. चेंडू आला की त्या उठून बाजूला व्हायच्या, गेला की पुन्हा त्याच जागी बसायच्या. चेंडू सरळ धावतो, त्यात या हातांचा वाटा मोठा आहे, आणि क्लबच्या भिंतीवरच्या विजेत्यांच्या यादीशेजारी त्यांचीही नावं असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा टिफड्वार्फची एक कांडी कागदात गुंडाळून नेली. आण्णांनी ती बोटांत फिरवली, पेरं मोजली. "हिची मुळी किती खोल जाते?"

"चार-पाच बोटं. फार तर वीतभर."

"आपली कमरेएवढी खोल जाते," ते म्हणाले. "तुम्ही रोज वरून कापता. पानच नाही, तर मुळीला खायला कोण घालणार? म्हणून तिला रोज पाणी लागतं."

पुस्तकात हे एक अख्खं प्रकरण आहे. आण्णांनी कांडी परत कागदात गुंडाळली, मला दिली आणि म्हणाले, "हितं मातीत पडू देऊ नको."