अहवालाबाहेरचा दिवस

वॉशिंग्टनमध्ये विद्यापीठांच्या संघटनेसाठी काम करणारी एक नोंदणीकृत लॉबिस्ट. आज तिमाही अहवालाची शेवटची तारीख. (पात्र काल्पनिक, नियम खरे.)

सकाळी ७ : कॉफीबरोबर ‘फेडरल रजिस्टर’ हे सरकारी राजपत्र. शिक्षण खात्याच्या नियमांचा नवा मसुदा आला असेल, तर हरकती नोंदवण्याची मुदत आधी पाहायची.

९ : सभासद विद्यापीठांशी फोनवर बैठक. विषय परदेशी देणग्यांचा. वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा अधिक देणग्या आणि करार सरकारला कळवण्याचा कायदा १९८६ पासून आहे. ‘डिटरंट’ विधेयकात ही मर्यादा ५० हजारांवर आणली आहे आणि काही देशांच्या बाबतीत तर एक डॉलरही सांगावा लागेल. मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने ते मंजूर केलं. विद्यापीठांचं म्हणणं एकच : कागदपत्रांचा डोंगर होईल.

११ : रेबर्न इमारत, प्रतिनिधीगृहाची शिक्षण समिती. खासदार क्वचितच भेटतात. भेटतात ते त्यांचे तरुण सहायक. दहा मिनिटांत म्हणणं मांडायचं आणि एकपानी टिपण ठेवून निघायचं. पुढच्या मसुद्यातली दुरुस्ती अशाच टिपणातून येऊ शकते.

दुपारी १ : जेवण स्वतःचं, स्वतःच्या पैशानं. लॉबिस्टनं सहायकाला जेवू घालायला बंदी आहे. समारंभात उभ्याउभ्या खायचे किरकोळ पदार्थ चालतात. ताट मांडलं की नियम मोडला.

३ : डर्कसन इमारत, सिनेटची शिक्षण समिती. तेच टिपण, सूर थोडा मवाळ. इथे मतं अजून पक्की झालेली नाहीत.

५ : अहवाल. लॉबिंगचा कायदा १९९५ चा, दर तीन महिन्यांनी भरण्याची सक्ती २००७ च्या दुरुस्तीची. विषय : शिक्षण. विधेयक : अमुक. संपर्क : सिनेट, प्रतिनिधीगृह. खर्च : जवळच्या दहा हजार डॉलरपर्यंत पूर्णांकात. कोणाला भेटलात, काय मागितलंत, याला रकानाच नाही. एखाद्या पक्षकाराच्या कामातला वीस टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगला देणाऱ्या ‘सल्लागारा’ला तर नोंदणीही लागत नाही.

संध्याकाळी ६ : अहवाल दाखल. नियम जाणूनबुजून मोडला तर दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि त्यामागे भ्रष्ट हेतू असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिनं एकही मोडलेला नाही. विद्यापीठांनी किती उघड करावं यावर ती दिवसभर बोलली, पण ते बोलणं मात्र कुठेच उघड झालं नाही. नाव-तारखेची नोंद ठेवणं अवघड आहे, असंही नाही. खात्यांचे नियम तपासणारं व्हाइट हाउसचं कार्यालय बाहेरच्यांशी झालेल्या बैठकांची तारीख आणि उपस्थितांची नावं प्रसिद्ध करतं. अमेरिकी काँग्रेसनं तोच नियम स्वतःला लावावा.