तरवडीचा छापखाना आणि फॉन्टचं कुलूप

नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात तरवडी नावाचं खेडं आहे. या खेड्यातून 'दीनमित्र' नावाचं साप्ताहिक निघायचं. मुकुंदराव पाटलांनी ते 1910 साली सुरू केलं, पुढे छापखानाच तरवडीत आणून बसवला आणि 1967 साली डोळे मिटेपर्यंत चालवलं. शहरातली भलीभली पत्रं जामिनाच्या रकमांनी आणि वर्गणीदारांच्या थकबाकीने माना टाकत होती, त्या काळातली ही गोष्ट. जिल्ह्या-तालुक्याच्या पत्रांचं वेड मला लागलं त्याला बरीच वर्षं झाली. रद्दीवाले मला नावानिशी ओळखतात. पण या नादात पाहिलेल्या-ऐकलेल्या सगळ्या पत्रांत माझा जीव जडला तो तरवडीवरच.

मुकुंदराव मूळचे भालेकर. तरवडीच्या पाटील घराण्यात ते दत्तक गेले. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर यांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यात 'दीनबंधु' काढला. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालवला. सत्यशोधक चळवळीचं हे पहिलं वृत्तपत्र, पण त्याचे सुरुवातीचे अंक हाती लागणं महाकठीण. त्यातला बराच मजकूर अभ्यासकांना सापडतो तो इंग्रज सरकारच्या दप्तरात. देशी पत्रांवर नजर ठेवण्यासाठी सरकारने अनुवादक नेमले होते. ते दर आठवड्याला इंग्रजीत गोषवारा काढत आणि तो 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' म्हणून छापून जपला जाई. मूळ मराठी गेलं आणि पाळतीवरच्या माणसाने केलेला सारांश तेवढा उरला! मुलाच्या पत्राचं नशीब थोडं बरं निघालं. 'दीनमित्रा'च्या फायली राहिल्या, आणि ब्राह्मणेतर चळवळीवरच्या आपल्या संशोधनात गेल ऑम्व्हेट यांना त्यांचा आधार घेता आला. ते संशोधन 1976 साली पुस्तकरूपाने आलं. आज त्या चळवळीबद्दल कुणीही लिहायला बसलं, की आधी तेच उघडतं.

रिवाजाप्रमाणे इथे मराठी पत्रांचा इतिहास यायला हवा. तो एका दमात सांगून टाकतो. 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', 1842 ला नगरच्या मिशनऱ्यांचा 'ज्ञानोदय', 1849 ला पुण्याचा 'ज्ञानप्रकाश', 1881 ला 'केसरी', 1920 ला 'मूकनायक', 1932 ला 'सकाळ'. सविस्तर हवं असेल त्याने रा. के. लेले यांचा 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' वाचावा. कायद्याने पाहिलं तर प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईसह आणखी तीन ठेव-ग्रंथालयांकडे जायला हवी. 1954 च्या कायद्यात 1956 साली वृत्तपत्रांची भर पडली ती त्यासाठीच. पण टपालखर्चाला महाग असलेली किती साप्ताहिकं तो पाळत असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

मागे काय उरतं हे मजकुराच्या मोलावर ठरत नाही. ज्याच्याकडे कपाट होतं, त्याचं उरतं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध आज आपण वाचू शकतो, कारण 1855 साली तो 'ज्ञानोदया'त छापला गेला आणि मिशनने फायली राखल्या. तिच्यासारखं आणखी कुणी कुठल्या बिनकपाटाच्या पत्रात लिहिलं असेल, तर ते गेलं.

कागदाचीही एक गंमत आहे. जुनं तेवढं जास्त जीर्ण, असं आपण धरून चालतो. 'दर्पण'च्या काळातला कागद चिंध्यांच्या लगद्याचा, तो टिकाऊ. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद नंतर आला, आणि त्याच्या पोटातच आम्ल. म्हणून 1840 चं पान पुष्कळदा शाबूत असतं आणि 1955 चं पान उलटताना कोपरा बोटात येतो. त्यात कसर, दमट हवा आणि बाईंडर. फाईल बांधताना तो इतकी आतून शिवण घालतो की पहिल्या स्तंभातली दोन-दोन अक्षरं शिवणीत गडप होतात. स्कॅन करायचं तर आधी शिवण उसवावी लागते, आणि ग्रंथपालाला त्यासाठी राजी करणं हे स्वतंत्र शास्त्र आहे.

पण खरा घोळ जुन्या कागदाचा नाही, तो अलीकडचा आहे. माझा आवडता विषय हाच, म्हणून इथे जरा बैठक मारतो.

एका तालुक्याच्या गावी एका साप्ताहिकाचे निवृत्त संपादक राहतात. गाव त्यांना अण्णा म्हणतं. माडीवर 1961 पासूनच्या फायली लाल कापडात बांधून ठेवलेल्या. त्यातलं 1972 च्या दुष्काळाचं वर्ष मी काढलं. दुष्काळी कामांवरच्या खडी केंद्रांच्या बातम्या, बाजार समितीचे भाव, टँकरवरून झालेली भांडणं, सगळं खणखणीत वाचता आलं. ट्रेडलवर छापलेली अक्षरं कागदात अशी रुतलेली की पाठीमागून बोट फिरवलं तरी लागत होती. मग मी 1998 चं वर्ष मागितलं. अण्णा म्हणाले, "ती फाईल नाही बुवा. तेव्हा आपण संगणकावर गेलो ना! सगळं त्यात आहे." आणि त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून फ्लॉप्यांचा गठ्ठा काढून समोर ठेवला.

त्या फ्लॉप्यांत पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या फाइली होत्या. तेव्हाची रीत अशी: डीटीपी ऑपरेटर पान लावायचा, लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर काढायचा, त्यावरून प्लेट, आणि प्लेटवरून ऑफसेट. अंक विकला गेला, रद्दीत गेला. "मूळ तर संगणकात आहे" म्हणून फाईल बांधायचं राहूनच गेलं. आता मूळ उघडायचं तर आधी फ्लॉपी वाचणारं यंत्र हवं, मग तो पेजमेकर, मग तोच फॉन्ट. आणि फॉन्टला कुलूप! प्रिंटरच्या रुंद पोर्टला मागून एक डोंगल लावावं लागे, त्याशिवाय मराठी अक्षर उमटत नसे. तसली पोर्ट आताच्या संगणकांना नसते. अण्णांकडे डोंगल होतं. देवघरात, हळद-कुंकवाच्या करंड्याशेजारी. "महाग होतं हो ते," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

हे कुलूप एकट्या अण्णांच्या गळ्यात नव्हतं. युनिकोड ही सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरपद्धत सरसकट रुळेपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने 1990 ते 2008 च्या दरम्यान, महाराष्ट्रातली बहुतेक छपाई अशाच फॉन्टांवर झाली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. संगणकाच्या लेखी त्या फाइलीत मराठी नव्हतंच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर काना, अर्धा क, रफार असे तुकडे चिकटवलेले होते. फॉन्ट काढून घेतला की 'जिल्हा परिषद' हे शब्द डॉलर, टक्के आणि टोपीवाल्या रोमन अक्षरांचा ढीग होऊन बसतात. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 1991 पासूनच आहे. आयएससीआयआय हे भारतीय प्रमाणही त्याच वर्षीचं. पण छापखान्यांना पान देखणं हवं होतं, शोधता येणारं नको होतं, आणि त्या काळी दोन्ही एकदम मिळत नव्हतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

उपाय आहे. या फॉन्टांचे नकाशे अनेक हौशी लोकांनी बसवले आहेत आणि रूपांतर करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. चांगला प्रोग्रॅम ऱ्हस्व वेलांटी उचलून योग्य व्यंजनामागे नेतो, रफार त्याच्या जागी बसवतो. वाईट प्रोग्रॅम 'कार्य'चं 'कायर्' करतो. पण फ्लॉपीवरचा चुंबकीय थर कुणासाठी थांबत नाही. अण्णांच्या गठ्ठ्यातल्या निम्म्याहून अधिक फ्लॉप्या उघडल्याच नाहीत. 1972 चा दुष्काळ आपल्याकडे आहे आणि 1998 ची ग्रामपंचायत निवडणूक नाही, असं हे उफराटं गणित.

कुणी म्हणेल, मग कागदच स्कॅन करा. करावाच. पण पानाचा फोटो म्हणजे पान सापडणं नाही. चित्रातली अक्षरं संगणकाला वाचायला लावली की खिळ्यांच्या छपाईत झिजलेला खिळा आडवा येतो, तुटलेली शिरोरेघ आडवी येते, आणि सगळ्यांत जास्त आडवे येतात ते अनुस्वार. 1962 चे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत आपण 'गांवांत' लिहीत होतो, 'नांव' लिहीत होतो, 'केलें' लिहीत होतो. आजचा विद्यार्थी 'गावात' असं टंकून शोधतो आणि काहीच सापडलं नाही म्हणून उठून जातो. तीच गत स्थळनामांची. अहमदनगर, नगर, अहिल्यानगर; उस्मानाबाद, धाराशिव. संग्रहाच्या सूचीत ही नावं एकमेकांना जोडलेली नसतील, तर पुढच्या पिढीला तरवडी भलत्याच जिल्ह्यात शोधावी लागेल. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात मराठी पुस्तकं मोठ्या संख्येने स्कॅन झाली, आज ती इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, त्याबद्दल कितीही धन्यवाद दिले तरी थोडेच. पण त्यातल्या अनेकांची नावं रोमन लिपीत अशी काही मोडतोड करून नोंदवली आहेत की पुस्तक समोर असून हरवलेलं. स्कॅनिंगला पैसे मिळतात, सूचीकाराला कुणी विचारत नाही. शंकर गणेश दाते यांनी 1943 साली 'मराठी ग्रंथसूची' काढली, तेव्हा संगणक नव्हता. काम मात्र आजच्या पुष्कळ संगणकी सूच्यांपेक्षा नेटकं.

नीट केलेलं काम कसं दिसतं ते पाहायचं असेल तर वर्तमानपत्रं सोडून जात्यापाशी बसावं लागेल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी 1980 च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आकडा लाखाच्या वर गेला, गावं हजाराहून जास्त. बेर्नार बेल या संगीत-संशोधकाने त्यातल्या सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण केलं. गी 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. 2017 पासून हा संग्रह 'पारी'वर, म्हणजे पी. साईनाथ यांच्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर टप्प्याटप्प्याने येतो आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथे ऐकावा. मी तो रात्री कामं आटोपल्यावर ऐकतो आणि हातातलं वाचन तसंच राहतं.

मला या संग्रहाचं कौतुक आहे ते नोंदींसाठी. ओवी कुणी गायली, गाव कोणतं, तालुका कोणता, विषय काय, हे प्रत्येकीला चिकटलेलं आहे. जुन्या लोकगीतांच्या पुस्तकांत बाई नसायची, 'एक वृद्ध स्त्री' असायची किंवा तीही नाही. इथे तिला नाव आहे. 'पारी'ची मंडळी वीस-वीस वर्षांनी त्याच गावांत परत गेली, बायांना भेटली, फोटो काढले, पुन्हा गाऊन घेतलं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या या संग्रहात आहेत. त्या काळच्या कुठल्याही दैनिकाच्या फायलीत बाबासाहेब असे भेटणार नाहीत. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि गाण्याचं निमित्तच संपलं. गोळा करणारे आणखी दहा-पंधरा वर्षं उशिरा निघाले असते तर फार थोडं हाती लागलं असतं.

मुंबईच्या गिरणगावातही असं काम झालं आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींवर उभं केलेलं पुस्तक 2004 साली आलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' त्याआधीचं, 1989 चं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, बोलतं करून लिहिलेलं. अशा पुस्तकांच्या मुलाखतींच्या कॅसेट कुठे असतात, हा प्रश्न मी भेटेल त्या संशोधकाला विचारतो. बहुतेकांचं उत्तर "घरी, माळ्यावर" असं येतं. कॅसेटची फीतही फ्लॉपीसारखीच. माळ्यावरच्या उन्हाळ्यात तिचे वेढे एकमेकांना चिकटतात.

एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू ठेवलेली नसते, हे आपल्याला दोनदा तरी शिकवून झालं आहे. 5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. म्हणून निदान तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. हार्ड डिस्क कपाटात ठेवून निश्चिंत झालेले विश्वस्त मला भेटले आहेत; डिस्क चार-पाच वर्षांनी बदलावी लागते हे ऐकून त्यांचा चहा थंड होतो.

ज्यांच्या घरात अशी एखादी फाईल आहे त्यांच्यासाठी थोडं. फाटल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटो काढाल तर पूर्ण पानाचा काढा, जाहिरातींसकट. तंबूतल्या सिनेमाची, दंतमंजनाची, 'निघून गेला आहेस तसा परत ये, कोणी रागावणार नाही'ची जाहिरात बातमीपेक्षा कधीकधी जास्त सांगते. फाइलीचं नाव 'फोटो 1, फोटो 2' असं न ठेवता पत्राचं नाव, वर्ष, महिना, तारीख, पान या क्रमाने ठेवा. निनावी मजकुरावरचा हक्क आपल्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो. म्हणजे 1964 पर्यंतच्या बिननावाच्या बातम्या बिनदिक्कत खुल्या करता येतात. नाव असलेल्या लेखांचं मात्र लेखकाच्या निधनापासून मोजावं लागतं. आणि जे अंक तुमच्याकडे नाहीत, त्यांच्या तारखांची यादी करून फाइलीच्या पहिल्याच पानावर लावा. अण्णांच्या 1998 च्या वर्षाची तशी यादी मी केली आणि तालुक्यातल्या जुन्या वर्गणीदारांकडे फिरवली. जून आणि जुलैचे अंक एका निवृत्त तलाठ्याकडे निघाले, सातबाऱ्याच्या जुन्या नकलांखाली अंथरलेले.