राउटर नुसताच दिवे मिचकावतो तेव्हा
डोंबिवलीत वीज दोन-तीनदा गेली-आली की एखादा वाय-फाय राउटर दिवे मिचकावत बसतो, सुरू काही होत नाही. त्यात बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली असते, ती फ्लॅश चिपवर साठवलेली. चिपचा स्वभाव हट्टी: १ चा ० लगेच होतो, पण ० चा १ करायला अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, अनेकदा १२८ किलोबाइटचा. त्याच क्षणी वीज गेली की ब्लॉक अर्धवट राहतो.

दुरुस्तीवाल्याने आधी लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, लॉग वाचावा. चूक दरवेळी एकाच ब्लॉकवर येत असेल तर तो बाद धरावा. नँड प्रकारच्या फ्लॅश चिपमध्ये असे काही ब्लॉक कारखान्यातूनच येतात, चिप हाताळणाऱ्या ड्रायव्हरने ते टाळायचे असतात. चुकीची जागा बदलत राहिली, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा ड्रायव्हरच्या टायमिंगवर. मी तरी आधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघेन. ते सगळ्यात स्वस्त.