जुनं लोखंड चालेल, जुनं रबर नको: सेकंड-हँड होम जिम घेताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिखित स्वरूपात. विषय सोपा आहे. घरी व्यायामाचं सामान घ्यायचंय, नवीन सेटचा आकडा बघून घाम फुटतोय, तर वापरलेलं घ्यावं का?

माझं उत्तर: घ्या, पण सगळं नाही. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा. ही नुसती पडून राहिली तरी खराब होते का?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये जिम बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या उघडल्या थेट दसऱ्याला. मधल्या काळात लोकांनी घरोघरी सामान आणून ठेवलं. आजही विकायला निघणाऱ्या सामानात त्या वेळचं बरंच असतं. 'दोनदाच वापरलंय' असं विकणारा सांगतो, आणि ते खरंही असू शकतं. पण न वापरलेल्या लोखंडाला काही होत नाही, न वापरलेल्या रबराला होतं.

आधी लोखंड. दहा किलोची लोखंडी प्लेट वीस वर्षांनीही दहा किलोच असते. वरवरचा तांबूस गंज पॉलिश पेपरने निघतो, वरून रंगाचा एक हात मारला की झालं. म्हणून प्लेट आणि डंबेल बिनधास्त जुने घ्या, फक्त भाव किलोवर काढा. समजा नवीन प्लेट १२० रुपये किलो आहे आणि जुनी ८० ला मिळतेय, तर ६० किलोमागे २,४०० रुपये वाचले. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बॅग मोजायचा छोटा काटा खिशात ठेवा आणि तिथेच वजन करा.

दोन गोष्टी मात्र तपासा. एक, प्लेटचं भोक. घरगुती रॉड साधारण २८-३० मिमीचा असतो, ऑलिम्पिक रॉडची टोकं ५० मिमीची. मोठ्या भोकाची प्लेट बारीक रॉडवर खडखडत डुलत राहते. दोन, स्वस्त सेटमधल्या काळ्या प्लेट बऱ्याचदा लोखंडी नसतात. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट-वाळू भरलेली असते. लोखंड काँक्रीटच्या साधारण तिप्पट जड, म्हणजे तेवढ्याच वजनाला या प्लेट तिप्पट जागा खातात. रॉड लवकर भरतो, आणि कवचाला तडा गेला की फरशीवर भुगा. या जुन्या घेऊच नका.

रॉड घेताना तो सपाट फरशीवर घरंगळवा. मधला भाग वर-खाली होताना दिसला तर रॉड वाकलाय, सोडून द्या.

आता बेंच. माझं बीटेक कॉम्प्युटरचं, पण पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासलाय, तेवढं ज्ञान इथे पुरतं. बेंच उलटा करून प्रत्येक वेल्डिंगचा जोड बघा. जोडावर रंगाला बारीक तडा किंवा गंजाची रेघ दिसली तर नको. पाठ वर-खाली करायच्या पिनचं भोक लांबट झालं असेल तरी नको. रेक्झिन फाटलंय? त्याची काळजी नाही, रिक्षाचं सीट शिवणारा ते करून देतो. कापड बदलता येतं. वेल्डिंग तुटलं तर रॉडखाली तुमची मान असते.

ट्रेडमिलचं गणित वेगळं. विकणारा रिकामा पट्टा चालवून दाखवतो. रिकामा पट्टा जवळजवळ नेहमीच चालतो! आम्ही सॉफ्टवेअरवाले लोड टेस्ट केल्याशिवाय काही लाइव्ह करत नाही, तुम्हीही करू नका. बूट घालून जा आणि दहा मिनिटं स्वतः चाला, थोडं पळा. पाऊल पडताना पट्टा अडखळला, जळका वास आला किंवा मोटारीचा आवाज चढला, तर नमस्कार करून निघा. पट्टा आणि त्याखालची फळी कोरडी पडली की घर्षण वाढतं, मोटार जास्त करंट खेचते आणि शेवटी कंट्रोल बोर्ड जातो. तो मिळतो का आणि केवढ्याला, हे व्यवहाराआधी विचारा. छोट्या हत्तीचं भाडं आणि जिन्यावरून चढवणाऱ्यांची मजुरी किमतीत धरा. कधीकधी तिथेच सगळी बचत संपते.

नवीनच घ्यायच्या वस्तू कोणत्या? रेझिस्टन्स बँड, कारण उन्हाने आणि हवेने रबर कडक होतं आणि ताणल्यावर सटकन तुटतं, तेही तोंडासमोर. मल्टिजिमची केबल. मशीन जुनं घेतलं तरी केबल बदला. वरचं आवरण शाबूत दिसलं तरी आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात. आणि रॉडचे लॉक, ते तसेही स्वस्त असतात.

डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल घेताना मॉडेल नंबर इंटरनेटवर शोधा. जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सचे ५५२ आणि १०९० हे डंबेल, सुमारे ३८ लाख नग, परत मागवले गेले, कारण वापरताना प्लेट सुटून पडू शकत होत्या. अशी सूचना पहिल्या मालकासाठी निघते. दुसऱ्या मालकाला कोणी फोन करून सांगत नाही.

पैशांचं शेवटचं. वस्तू बघितल्याशिवाय एक रुपयाही ॲडव्हान्स नाही, समोरचा कितीही गोड बोलू दे. 'पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' म्हणाला तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही.

तर मंडळी, रॉड, ५०-६० किलो लोखंड आणि एक न हलणारा बेंच एवढ्यावर सुरुवात करा. सहा महिन्यांनी कंटाळा आला तरी लोखंड जवळपास त्याच भावात विकलं जाईल. आणि नाही आला, तर आणखी दोन प्लेट शोधायला लागा.

भेटू पुढच्या भागात!