गाडी पेट्रोलची घ्यावी की डिझेलची? आधी वही उघडू या



पूर्वी आपल्या गटात कर्जाची मागणी यायची ती शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी, फार तर पिठाच्या गिरणीसाठी. आता चारचाकीसाठीही येऊ लागली आहे. आमच्या मुली-सुना नोकरीला जातात, पाळीची ड्यूटी करतात, आणि रात्री सुटल्यावर गावाकडे येणारी एसटी मिळत नाही. त्यामुळे गाडी ही आता हौस राहिलेली नाही. पण गाडीच्या सुरुवातीच्या रकमेसाठी गटातून पैसे जातात, तेव्हा त्यात दहा-बारा जणींची बचत असते. म्हणून आज आपण एकच प्रश्न घेणार आहोत: रोज जाण्या-येण्यासाठी गाडी घ्यायची, तर पेट्रोलची की डिझेलची?

दोन उदाहरणे समोर ठेवू. एक ताई सिन्नर तालुक्यातल्या गावातून नाशिकला रुग्णालयात जातात. जाऊन-येऊन रोज 100 किलोमीटर. दुसऱ्या ताई शिक्षिका आहेत, त्यांचे जाऊन-येऊन 30 किलोमीटर होते. दोघींनाही सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "रोजचं जाणं आहे ना? मग डिझेलच घ्या." हा सल्ला एकीसाठी बरोबर आहे आणि दुसरीसाठी तोट्याचा. तो कसा, ते पाहू.

आधी इंजिनातला फरक समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाला प्लगची ठिणगी पेटवते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जास्त दाबामुळे इंधनातून काम जास्त निघते, शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी जास्त असते. म्हणून डिझेलची गाडी लिटरमागे जास्त पळते आणि भरलेली असली तरी घाट दमदार चढते. पण एवढा दाब सोसायचा म्हणजे इंजिन मजबूत लागते, त्याचे सुटे भाग महाग असतात. गाडीची किंमत तिथेच वाढते. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीला एकरकमी रस्ता करही पेट्रोलपेक्षा जास्त दराने बसतो.

मग "डिझेलच स्वस्त" हे सगळ्यांच्या डोक्यात इतके पक्के का बसले? कारण एकेकाळी ते खरे होते. सरकार डिझेलचा भाव धरून ठेवायचे. पेट्रोलचे भाव 2010 साली बाजारावर सोडले, डिझेलचे 2014 साली. त्यानंतर दोन्हींतले अंतर बरेच कमी झाले. सल्ला मात्र जुनाच राहिला.

आता वही-पेन घ्या. आकडे आम्ही हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या पंपावरच्या फलकावर जो भाव असेल, तो तुम्ही लिहा.

पेट्रोल 104 रुपये लिटर आणि गाडी लिटरला 16 किलोमीटर जाते असे धरू. 104 भागिले 16, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल 92 रुपये लिटर आणि गाडी लिटरला 20 किलोमीटर. 92 भागिले 20, म्हणजे 4 रुपये 60 पैसे. डिझेलमुळे दर किलोमीटरला 1 रुपया 90 पैसे वाचले.

ही झाली बचत. आता जादा खर्च मांडू. डिझेलची गाडी रस्त्यावर येईपर्यंत 1 लाख 20 हजारांनी महाग पडली असे धरा. ही जादा रक्कमही कर्जातूनच येते. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतली, तर तिचा हप्ता महिन्याला सुमारे 2,550 रुपये. साठ हप्त्यांचे झाले 1 लाख 53 हजार. सर्व्हिसिंगला वर्षाला 4 हजार जादा धरले तर पाच वर्षांचे 20 हजार. एकूण जादा खर्च 1 लाख 73 हजार.

या 1 लाख 73 हजारांना 1 रुपया 90 पैशांनी भागा. उत्तर येते साधारण 91 हजार किलोमीटर. म्हणजे पाच वर्षांत गाडी 91 हजार किलोमीटर धावली, तेव्हा कुठे डिझेलवर घातलेला जादा पैसा वसूल झाला. महिन्याचे 25 दिवस धरले, तर रोजचे 60 किलोमीटर पडतात. सिन्नर गावातून नाशिकला जाऊन-येऊन साधारण एवढेच होते.

आता आपल्या दोन ताई. रोज 100 किलोमीटर जाणाऱ्या ताईंची गाडी पाच वर्षांत दीड लाख किलोमीटर धावेल. डिझेलवर 2 लाख 85 हजार वाचतील. जादा खर्च वजा केला तरी 1 लाख 12 हजार हातात राहतात. शिक्षिका ताईंचे पाच वर्षांत 45 हजार किलोमीटर होतील. वाचतील साडेपंच्याऐंशी हजार आणि जादा गेलेले असतील 1 लाख 73 हजार. म्हणजे डिझेल घेतले तर त्यांना 87 हजारांहून जास्त तोटा!

हिशेबात कंपनीच्या जाहिरातीतले मायलेज घालू नका. ते ठरावीक चाचणीतले असते, आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावरचे नसते. तशीच गाडी वापरणाऱ्या कुणाला तरी विचारा. त्यांना टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी पुन्हा टाकी पूर्ण भरायची आणि मधले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागायचे. खरे मायलेज तेच.

अंतराइतकाच रस्ताही पाहा. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू आहेत. त्यामुळे आताच्या डिझेल गाड्यांच्या धूर जाण्याच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी जाळायला इंजिन चांगले तापावे लागते, आणि त्यासाठी गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. महामार्गाने जाणाऱ्या ताईंना याची चिंता नाही. पण जी गाडी घर ते शाळा, शाळा ते बाजार अशी थोडी-थोडीच फिरते, तिची जाळी तुंबते, आणि तो खर्च मोठा असतो. याच नियमांमुळे छोट्या डिझेल गाड्या बनवणे महाग झाले आणि काही कंपन्यांनी त्या बंदच केल्या.

पेट्रोलबद्दलही एक गोष्ट. आपल्या उसापासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने मायलेज थोडे घटते. गाडी जुनी घेत असाल, तर ती अशा पेट्रोलवर चालण्याजोगी आहे का, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

सीएनजीलाही याच वहीत एक रकाना द्या. पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असेल आणि रांग फार नसेल, तर सीएनजी दोन्हींना मागे टाकू शकतो. मात्र डिकीतली बरीच जागा टाकी घेते आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करावी लागते. पंपासाठी वाट वाकडी करावी लागत असेल, तर ते किलोमीटरही हिशेबात धरा.

शेवटचा मुद्दा कागदांचा. हप्ता निघावा म्हणून काही जणी गाडीत भाडे घेऊन सवाऱ्या बसवायचे ठरवतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाडे घेता येत नाही. त्यासाठी पिवळी पाटी आणि परवाना लागतो. तो नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग कर्जाचे ओझे ताईंबरोबर गटावरही येते. भाड्याचा विचार असेल तर तो खरेदीच्या आधीच सांगावा, कारण कर, विमा आणि रोजचे किलोमीटर हे सगळेच त्याने बदलते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त इथे अंथरूण किलोमीटरने मोजायचे आहे. गाडीच्या कर्जाचा अर्ज आला, की गटाच्या बैठकीत अर्जदार ताईंना पाच आकडे मागा: रोजचे किलोमीटर, महिन्यातले दिवस, खरे मायलेज, पंपावरचा भाव, आणि दोन गाड्यांच्या किमतीतला फरक. भागाकार सगळ्यांसमोर करा, मग ठराव लिहा. रोजचे किलोमीटर 60 च्या आसपास आले, तर डिझेल आणि पेट्रोल जवळपास सारखेच पडते. तेव्हा ज्या गाडीचा मिस्त्री आणि सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात, ती घ्यावी.