मकरानचा चिखल, माहीमची लाट

माटुंगा रोड स्टेशनवरून पश्चिमेला चालत निघालं, की अर्ध्या तासात माहीमचा किनारा लागतो. 28 नोव्हेंबर 1945 रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईच्या या किनारपट्टीवर सुमारे दोन मीटर उंचीची लाट चढली. माहीम, वांद्रे, जुहू, वर्सोव्याला तिचा तडाखा बसला. खार दांड्याच्या होड्या दोर तुटून वाहून गेल्या. माणसंही वाहून गेली. वादळाचं नाव नव्हतं. त्या पहाटे साडेतीनच्या सुमारास, हजार-बाराशे किलोमीटर दूर बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यालगत 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला होता. तिथल्या समुद्रात चिखलाची नवी बेटंही वर आली होती.

ही बेटं म्हणजे चिखलाचे ज्वालामुखी. त्यांत लाव्हा नसतो. मकरानपाशी अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. त्याच्यावरचा कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ, फावड्यापुढे ओली रेती गोळा व्हावी तसा, खरवडला जाऊन घड्या घालत साचतो. गाळातलं पाणी आणि सेंद्रिय अवशेषांतून तयार झालेला मिथेन कोंडतो, दाब वाढतो आणि भेग मिळाली की चिखल उसळून वर येतो.

मराठी भावसार समाजाची कुलस्वामिनी हिंगलाज याच मुलखातली. तिच्या वाटेवरचा चंद्रगुप हाही चिखलाचा ज्वालामुखी. त्याच्या मुखात बुडबुडणाऱ्या चिखलाला यात्रेकरू नारळ वाहतात. 24 सप्टेंबर 2013 च्या 7.7 तीव्रतेच्या भूकंपानंतर ग्वादरसमोर असंच एक बेट वर आलं. त्यातून ज्वलनशील वायू निघत होता. काही वर्षांत लाटांनी ते झिजवून टाकलं.

मात्र मुंबईवर लाट आणली ती या चिखलाने नव्हे. भूकंपात समुद्रतळाचा मोठा पट्टा वर-खाली झाला, त्याच्यावरचं पाणी ढकललं गेलं आणि त्सुनामी निघाली. भूपट्टांचा जो रेटा गाळ पिळून चिखल वर काढतो, त्याचाच साठलेला ताण अशा भूकंपात सुटतो.

आपल्याला उसंत देतो तो मुंबईसमोरचा उथळ समुद्र. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हाय तेलक्षेत्रापाशीही पाणी जेमतेम 75 मीटर खोल आहे. तीन हजार मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी सहाशे किलोमीटरने धावते. 75 मीटर पाण्यात तिचा वेग शंभरच्या आत येतो. म्हणून 1945 ची लाट इथे पोचायला जवळपास पाच तास लागले. तेव्हा सूचना देणारं कोणी नव्हतं. 2007 पासून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र भूकंपमापकांवर आणि समुद्राच्या पातळीवर अहोरात्र नजर ठेवून आहे.

इशारा ऐकणं मात्र आपल्या हातात आहे. भरतीच्या लाटा पाहायला आपण चौपाटीवर गर्दी करतो. त्सुनामीचा इशारा आला तर तसं करू नका. कराचीत 1945 च्या त्या सकाळी एकामागून एक लाटा आल्या आणि सर्वांत मोठी शेवटी आली. पहिली लाट ओसरली म्हणून किनाऱ्याकडे परतू नका. धोका टळल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत समुद्रापासून दूरच राहा.